माहेरच्या 18 गुंठ्यांची किंमत कशी काढायची? चुलतभाऊ म्हणतो 5 लाख, एजंट म्हणतो 27

कडेगावची लेक:

नमस्कार. मी साताऱ्यात राहते, माहेर कडेगाव तालुक्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गावातली निम्मी पोरं असलं सगळं वाचत असतात.

आई आधीच गेली, वडील चार वर्षांपूर्वी. भाऊ नाही. वडिलांचा एकच गट, 36 गुंठे, तो थोरल्या बहिणीच्या आणि माझ्या नावावर सामाईक लागलाय. रान चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, कसतो. ऊस असतो. दर दिवाळीला दोघींना मिळून 25,000 आणून देतो, वर अर्धी ढेप गूळ. कधी मागावं लागलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे त्याच्याविषयी कुणी वाकडं बोलणार नाही.

आता मुलीच्या शिक्षणासाठी मला माझे 18 गुंठे विकायचेत. अक्काला विकायचं नाही. दादा म्हणाला, "परक्याच्या घशात कशाला घालतीस, मीच घेतो. पाच लाख देतो." वाटणी आडवी करू, पुढचे 18 अक्काला राहू देत, मागचे तू मला दे, असंही म्हणाला.

मिस्टरांच्या ओळखीचा विट्याचा एक एजंट आहे. त्यानं फोनवरच सांगितलं, गुंठ्याला दीड लाख कुठं गेले नाहीत. म्हणजे 27 लाख. आणि मी स्वतः रेडीरेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, बघितला तर आमच्या गटात बसणारा दर हेक्टरी 18 लाख, म्हणजे माझ्या वाटणीचे 3,24,000.

जमीन काळी. लांबट आहे, वडील "रुंदीला दोन साखळ्या" म्हणायचे. दक्षिणेच्या टोकाला पाणंद, तिथनं उसाची ट्रॉली निघते. पश्चिमेला अख्ख्या लांबीनं दादाचं रान. विहीर सामाईक, आमचा त्यात चार आणे हिस्सा. ताकारी पाणी योजनेचा पोटपाट वरच्या अंगानं जातो.

कुणालाही भाव विचारला की उलट मलाच विचारतात, "तुम्हाला किती पाहिजेत?" मला किती पाहिजेत हा प्रश्नच नाही. रानाचे किती होतात ते कळायला पाहिजे.

ट्रॅक्टरवाला पलूस:

ताई, रेडीरेकनरच्या अडीच-तीन पट धरायचं, आमच्याकडं असंच चालतं. 5 लाख कमी, 27 लाख म्हणजे गाजर. 9 ला बसा आणि मोकळ्या व्हा.

साखळी-आणे:

ट्रॅक्टरवाले, पट धरून भाव निघत असता तर दलालांनी कधीच कीर्तनं सुरू केली असती.

ताई, मी भूमी अभिलेखात 31 वर्षं मोजणीचं काम केलं, त्यातली बरीच वर्षं कडेगाव, खानापूर, तासगाव भागात. तुमच्या लिहिण्यातला सगळ्यात महागाचा शब्द "आडवी" आहे. भावाचं नंतर बोलू, आधी तो शब्द बघा.

वडील साखळ्या म्हणायचे ते शंकूसाखळीनं. ती 33 फुटांची, तिचे आणे 16. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे 1,089 चौरस फूट, तोच एक गुंठा. (सातबारावर आर असतो, तो गुंठ्यापेक्षा केसभर लहान, पण व्यवहारात दोन्ही एकच धरतात.) तुमचे 36 गुंठे दोन साखळ्या रुंद असतील तर लांबी 18 साखळ्या आली. 66 फूट बाय 594 फूट. आता वहीच्या पानावर असा लांब आयत काढा आणि खालच्या कडेला पाणंद लिहा.

आडवी दोरी टाकली तर दोन तुकडे 66 बाय 297 चे. पुढच्याला पाणंद आहे. मागच्याला काय आहे? दादाचा बांध. तो कुणाला विकायला गेलात तर गिऱ्हाईक पहिलं विचारणार, ट्रॉली कुठनं काढायची. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडं बांधावरनं रस्ता मागता येतो, पण कज्ज्याचा रस्ता पदरात घेऊन कोण पैसे मोजतंय. म्हणजे त्या मागच्या तुकड्याला दादा सोडून गिऱ्हाईकच उरत नाही. 5 लाखाला 18 नं भागा, 27,777. बिनरस्त्याच्या काळ्या रानाला तुमच्या भागात एवढाच भाव येतो. दादाचा आकडा खोटा नाही. तो मागच्या तुकड्याचा खरा आकडा आहे.

उभी दोरी टाकली तर दोघी बहिणींना 33 फुटी पट्टी, 594 फूट लांब, आणि दोघींचं तोंड पाणंदीला. नांगराला पट्टी चिंचोळी पडते हे खरं, पण रस्ता दोघींना राहतो. म्हणून आधी दोरीचं ठरवा. त्याशिवाय भाव विचारण्यात अर्थ नाही, कारण रान कुठलं तेच ठरलेलं नाही.

आता एजंटचा दीड लाख. तो प्लॉटचा भाव आहे. डांबरी रस्त्यावर गुंठा-दोन गुंठे पाडून विकणाऱ्यांचा. तुमच्या रानाचे तसे तुकडे पाडून दस्त होत नाहीत, तुकडेबंदी आडवी येते. 2023 पासून बागायत 10 गुंठे आणि जिरायत 20 गुंठे ही किमान मर्यादा आहे. शिवाय कूळकायद्याच्या कलम 63 मुळं शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, तेव्हा पुण्याची पार्टी आणतो म्हणाला तर त्या पार्टीचा सातबारा आधी मागा. आणि ही मर्यादा तुम्हालाही लागते. 18 गुंठे बागायत म्हणून निभावतात. जिरायत धरले तर वाटणीच अडेल. सातबारावर विहिरीची नोंद आहे का आणि पीकपाहणीत दरवर्षी ऊस लागलाय का, ते आजच बघा. ई-पीक पाहणी दादानं केली नसेल तर तिथं पड दिसत असेल.

रेडीरेकनरचं काम मुद्रांक घेण्यापुरतं. शेतजमिनीचा दर त्यात गावाच्या आकारणीच्या गटावर ठरतो. तुमच्या विहिरीतले चार आणे त्याला दिसत नाहीत.

खरा भाव बघायचा तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, फुकट आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की त्या गटाचे दस्त दिसतात. स्वतःचा गट टाकून काही मिळणार नाही. गावनकाशा घ्या, आजूबाजूचे वीस-पंचवीस गट नंबर वहीत उतरवा, गेली तीन वर्षं एकेक टाकत बसा. इंडेक्स 2, म्हणजे दस्ताचा गोषवारा, त्यात मोबदला (दस्तात लिहिलेली किंमत) वेगळा आणि बाजारभाव (रेडीरेकनरनं निघालेला) वेगळा लिहिलेला असतो. दोन्ही उतरवून घ्या. सरकारनं जमीन संपादन केली तरी 2013 च्या कायद्यानं असंच करतात: आसपासचे तीन वर्षांतले दस्त, त्यातले वरच्या किमतीचे निम्मे, त्यांची सरासरी. तुम्ही घरबसल्या तेच करायचंय, फक्त डोळे उघडे ठेवून.

मिळाले की इथं लिहा.

कडेगावची लेक:

काका, तीन रात्री बसले. साइट मधेच झोपते. हे मिळालं:

एक, आमच्याच पाणंदीवर, 40 गुंठे, दोन वर्षांपूर्वी, मोबदला 16,00,000.
दोन, माळाकडं, 22 गुंठे, 5,50,000.
तीन, डांबरी रस्त्याला, 6 गुंठे, बिगरशेती, 9,00,000. एजंटचा दीड लाख इथनं आला असणार.
चार, आमच्या गटाला लागूनच, 14 गुंठे, मोबदला 2,50,000, बाजारभाव 2,52,000.

चौथा बघून पोटात गोळा आला. शेजारचंच रान 18,000 रुपये गुंठ्यानं सुद्धा गेलं नाही.

साखळी-आणे:

चौथा फाडून टाका. मोबदला आणि बाजारभाव असे एकमेकाला चिकटून असले की समजायचं, हा दस्तापुरता भाव. एकतर भावकीतला व्यवहार, नाहीतर बाकीचे पैसे टेबलाखालनं. तिसराही सोडा, बिगरशेतीचा शेतीला लावत नाहीत.

राहिले दोन. पहिला 40,000 गुंठा, दुसरा 25,000. दुसरं रान मुरमाड असणार, माळ म्हणालात. तुमची जमीन काळी, पाणंद तीच, म्हणजे पहिल्याच्या रांगेत बसायचं आणि तिथनं वरखाली करायचं. त्या 40 गुंठ्यांना स्वतःची विहीर होती का, विचारून घ्या. तुमचा हिस्सा चार आणे, म्हणजे सात दिवसांत पावणेदोन दिवसांची पाळी. त्यातला निम्मा अक्काचा. खरेदीखतात "विहिरीतील दोन आणे हिश्श्यासह, मोटर आणि पाइपलाइनच्या हक्कासह" असं लिहिलं नाही तर घेणाऱ्याला कोरडं रान मिळालं आणि तुम्ही ओल्याचा भाव मागितला असं होतं. ताकारीच्या पाण्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका, आवर्तन कधी येईल त्याची पाळी आपल्या हातात नसते.

चिंचोळी पट्टी म्हणून 10 टक्के खाली या, दोन वर्षं उलटली म्हणून थोडं वर जा. दोन्ही जवळपास फिटतं. माझ्या मते उभ्या वाटणीच्या पट्टीला, दोन आणे पाण्यासकट, 38 ते 42 हजार गुंठा. म्हणजे पावणेसात ते साडेसात लाख.

खालचा ताळा उसावरनं घ्या. गुंठ्याला टन धरला तर 18 टन, टनाला 3,000 धरले तर 54,000. बियाणं, खत, पाणीपट्टी, मजुरी जाऊन निम्मे राहिले. आडसाली लागण असेल तर पीक दीड वर्ष रानात. वर्षाला हातात 18,000. साडेसात लाख बँकेत ठेवून व्याज यापेक्षा जास्त येईल. म्हणून नुसतं ऊस लावणारा माणूस एवढे पैसे देणार नाही. देणारा वेगळ्या कारणानं देतो.

तेव्हा आता सांगा, उत्तरेला, तुमच्या रानाच्या मागच्या टोकाला, कुणाचं रान आहे?

कोरेगावकर:

मधेच बोलतो. ताई, भाव ठरला की तो एकरकमी ठरवू नका, गुंठ्यावर ठरवा आणि मोजणी झालेल्या क्षेत्रावर. माझं सांगतो. आमचे 11 गुंठे होते, कोरेगाव तालुक्यात, वाठारच्या अलीकडं. सहा लाखाला ठरलं. एजंटनं विसारपावती स्वतःच्या हातानं लिहिली, त्यात "अंदाजे 11 गुंठे, कमी भरल्यास त्या प्रमाणात वजा". कमी भरल्यास वजा होतं. जास्त भरल्यास अधिक नव्हतं. मी सही केली, कारण चहा आला होता आणि सगळे हसतखेळत होते.

मोजणीत साडेनऊ भरले. गेले 82 हजार. वर एजंटनं दलाली सहा लाखावरच कापली. बाप वरनं बघत असेल तर म्हणत असेल, सातवी पास माझा पोरगा.

आणि रोखीचं. 20,000 किंवा त्याच्या वर रोख घेऊ नका, विसार असला तरी. रोख घेणाऱ्यालाच तेवढाच दंड बसतो, देणारा मोकळा. चेक, नाहीतर खात्यावर.

ट्रॅक्टरवाला पलूस:

टॅक्स लागंल का ताईंना?

कोरेगावकर:

गावाकडच्या शेतजमिनीला भांडवली नफ्याचा कर नाही. पण "गावाकडची" कशाला म्हणायचं ते ठरलेलं आहे. जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या 10 हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटरच्या पुढं पाहिजे, एक ते दहा लाखाला 6, त्याच्या वर 8. रस्त्यानं नाही, सरळ रेषेत. माझं त्यात बसत होतं, निदान तेवढं तरी बरं झालं.

कडेगावची लेक:

काका, तुमचा प्रश्न वाचून अक्काला फोन लावला. उत्तरेला एका माळी कुटुंबाची द्राक्षबाग आहे, दीड एकर. आमचा त्यांचा काही घरोबा नाही. अक्का म्हणाली, त्यांचा फवारणीचा ट्रॅक्टर ओढ्याकडनं लांबच्या वाटेनं येतो आणि पावसाळ्यात तोही बंद असतो. पेट्या डोक्यावरनं काढतात.

साखळी-आणे:

मग तुमचं गिऱ्हाईक सापडलं. आयताच्या वरच्या कडेला त्यांची बाग लिहा. 33 फुटी पट्टी पाणंदीपासनं सरळ त्यांच्या बांधापर्यंत जाते. नांगराला चिंचोळी म्हणून आपण जिचे 10 टक्के कापले, ती पट्टी त्यांच्यासाठी रस्ता आहे. 33 फुटांतले 10 फूट वाटेला सोडले तरी बाकीच्यात त्यांना बाग वाढवता येते. तो माणूस 40,000 ला घासाघीस करणार नाही. 50 सांगा, पाच हजार सोडायला ठेवा. दुसऱ्याला कुणाला 50 सांगितलेत तर हसेल.

मात्र त्याच्याकडं अक्कानं जावं, तुम्ही नको. विकणारा दारात आला की भाव पडतो. अक्कानं सहज विचारावं, औंदा छाटणी कधी.

आणि दादाला अंधारात ठेवू नका. आकडा कागदावर आला की आधी त्याला विचारा, या भावाला घेतोस का. दिवाळीचा गूळ त्याच्याच घरनं येतो. तो 7 लाख म्हणाला तर माळ्याच्या 8 लाखांपेक्षा ते तुम्हाला परवडतील की नाही, ते मी कसं सांगू.

कागदाचं तेवढं उरकून घ्या. वडिलांचं सोसायटीचं कर्ज फिटलं असलं तरी सातबाराच्या इतर हक्कात बोजा तसाच असतो बऱ्याचदा, दाखला देऊन कमी करून घ्या. आत्या असतील तर त्यांची नावं आजोबांच्या वेळीच हक्कसोडीनं कमी झाली होती का, फेरफार काढून बघा. मग अक्काच्या संमतीनं तहसीलदाराकडं जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली वाटप, मोजणी, स्वतंत्र सातबारा. सामाईकातला नुसता हिस्सा विकलात तर घेणारा गुंठ्यामागं दहा हजार तरी पाडणार, कारण पुढची कटकट त्यानं विकत घेतलेली असते.

कडेगावची लेक:

रविवारी गेले होते. अक्का आणि तिचा मुलगा बरोबर. दादाला आधीच फोन केला होता, तोही आला, चहा घेऊन आला. उभी वाटणी म्हटल्यावर गप्प झाला. मग म्हणाला, "कुणी शिकवलं गं तुला?" मी खरं सांगितलं, एका मोजणीवाल्या काकांनी. हसला. "मग भावानंच घेतो की, चाळीसनं. थोडा टाइम दे." म्हणजे 7,20,000. माळ्याचं त्याला सांगितलं नाही अजून. अक्का छाटणीचं विचारून आलीय, ते म्हणाले विकणार असाल तर आमच्या कानावर घाला.

दादा गेल्यावर अक्काच्या मुलानं 100 फुटी टेप काढला, सहज म्हणून. पाणंदीकडं 66 फूट बरोबर भरले. मागच्या टोकाला 60 च भरले. दोनदा धरला, 60 च.

मागच्या कोपऱ्यात वडिलांनी आंबा लावला होता. मला आठवतंय, तो आमच्या हद्दीच्या आत होता, दुपारी आम्ही तिथं भाकरी खायचो, आणि बांध त्याच्या पलीकडं होता. आता बांध आंब्याच्या अलीकडं आहे.

अक्का काही बोलली नाही. मीही नाही.

साखळी-आणे:

पुढं 66 आणि मागं 60, बांध सरळ असेल तर सरासरी 63 फूट. गुणिले 594. दोघींचे मिळून 34 गुंठे आणि वर थोडं. दीड गुंठ्याच्या वर गेलंय, 40,000 नं 65 हजारांचं.

टेपवरनं भांडू नका. बांध दरवर्षी नांगरटीला एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, सरकतो, सरकवणाऱ्यालाही कधीकधी पत्ता नसतो, आणि कधीकधी असतो. हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या, दोघींच्या सह्यांनी. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, तशी ती दादालाही जाईल, ती तुमच्याकडनं नाही, कार्यालयाकडनं गेलेली असेल. तोपर्यंत विसार कुणाचाच घेऊ नका. आंबा केवढा आहे, बुंध्याचा घेर मोजून ठेवा, फोटो काढून ठेवा. मोजणीदार आला की त्याला आधी तो दाखवा.